विश्लेषण : कॉमर्सच्या डिग्रीत कॉम्प्युटरचा पेपर असतो, मग एक्सेलसाठी वेगळा क्लास का लावावा लागतो?

कापूरबावडीवरून कोलशेत रोडला वळलं की आता टॉवरच टॉवर दिसतात. पण या रस्त्याची जुनी ओळख कारखान्यांची. बायरचा कारखाना इथे होता, सँडोझचा होता, तो पुढे क्लॅरियंट झाला. आज बायरच्या जागेवर कल्पतरू पार्कसिटी आहे, क्लॅरियंटच्या आवारात लोढा अमारा उभं आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नमो सेंट्रल पार्कही सुरू झालं.

कारखाने गेले तसा इथल्या नोकरीचा चेहराही बदलला. कोलशेत गावात किंवा शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या बीकॉम, बीएमएस झालेल्या मुलामुलींसमोर आज काय पर्याय असतात? घोडबंदर रोडवरच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसचं मोठं कॅम्पस आहे. वागळे इस्टेटमध्ये लहानमोठी ऑफिसं आहेत. नौपाड्यात सीएंच्या फर्म आहेत. आणि बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातली गोदामं सुरू होतात. काम वेगळं, पगार वेगळा, पण समोर उघडलेली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते : रकान्यांनी भरलेली शीट.

ती शीट हाताळायला डिग्रीत शिकवतात का? कागदावर तरी हो. मुंबई विद्यापीठाच्या कॉमर्सच्या जवळपास प्रत्येक कोर्समध्ये कॉम्प्युटरचा पेपर कुठे ना कुठे आहे. तरीही ठाणे स्टेशनपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत 'टॅली विथ जीएसटी' आणि 'ॲडव्हान्स्ड एक्सेल'च्या क्लासेसचे बोर्ड काही कमी झालेले नाहीत. डिग्रीची फी भरून झाल्यावर त्याच विषयासाठी पुन्हा फी भरली जाते. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी हे पेपर उघडून बघावे लागतात.

पेपरमध्ये असतं काय?

बीएमएसच्या जुन्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन बिझनेस मॅनेजमेंट' हा पेपर दोन सत्रांत विभागलेला होता. पहिल्या भागात एमआयएस म्हणजे काय, ऑफिस सॉफ्टवेअर, ईमेल-इंटरनेट आणि सुरक्षा. दुसऱ्या भागात ईआरपी, डेटाबेस, डेटा वेअरहाउस आणि आउटसोर्सिंग. म्हणजे बीपीओ आणि केपीओमधला फरक मुलं पाच मार्कांसाठी पाठ करायची आणि वर्ष-दीड वर्षानं त्यातल्याच एखाद्या बीपीओत मुलाखतीला जायची. तिथे फरक कोणी विचारत नाही. समोर शीट ठेवतात.

अकाउंटिंग अँड फायनान्सवाल्यांना याच धर्तीवर 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन अकाउंटन्सी' होता.

साध्या बीकॉमला तिसऱ्या वर्षी 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स' हा विषय निवडता यायचा. प्रत्यक्षात हा पेपर या सगळ्यांत जास्त कामाचा. त्यात मायएसक्यूएल होतं, एक्सेल होतं, ई-कॉमर्स होतं. पण त्यातच व्हिज्युअल बेसिकही होतं. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिक ६ च्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्येच थांबवला. त्यानंतरही कितीतरी वर्षं इथली मुलं त्या भाषेत बटणं आणि टेक्स्टबॉक्स बनवत राहिली.

जुनी भाषा शिकवणं हा काही गुन्हा नाही. 'जर हे असेल तर ते कर' ही विचाराची पद्धत कुठल्याही भाषेत सारखीच असते. खरी अडचण परीक्षेची आहे. प्रॅक्टिकलचे मार्क असले तरी मोठा भाग लेखी पेपरचा. म्हणजे क्वेरी आणि कोड पेनानं उत्तरपत्रिकेवर लिहायचा. कॉम्प्युटरवर चूक केली की तो लगेच एरर देतो, तुम्ही दुरुस्त करता, पुन्हा चालवता. शिकणं या फेऱ्यांमध्ये होतं. कागद एरर देत नाही, तिथे पाठांतर चालतं.

त्यात भर म्हणजे यातल्या बऱ्याच मुलांनी दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी केलेलं असतं. एमकेसीएलची स्थापना २००१ ची आणि तेव्हापासून या एका कोर्सनं महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना कॉम्प्युटरची तोंडओळख करून दिली आहे. कॉलेजात आल्यावर इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस, रॅम, रॉम हेच पुन्हा सुरू झालं तर मुलं मागच्या बाकावर जातात. त्यांना दोष तरी कसा देणार?

नव्या धोरणानं काय बदललं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना ठरवणारा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ रोजी आला. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता एकसारखे सहा-सात पेपर नसतात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट असे खाने आहेत आणि प्रत्येक खान्याला ठरलेले क्रेडिट.

कॉम्प्युटर यातल्या दोन-तीन खान्यांत बसू शकतो. कौशल्याच्या कोर्समध्ये बसतो. ओपन इलेक्टिव्हमध्येही बसतो, कारण ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो आणि कॉमर्सच्या मुलाला सायन्सकडचा कॉम्प्युटरचा कोर्स घेता येतो. ऐकायला छान आहे. पण हे कोर्स सहसा दोन क्रेडिटचे. आता इथे थोडा हिशोब करावा लागतो. वर्गातल्या शिकवण्यात एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे तोच दोन क्रेडिटचा कोर्स फळ्यावर शिकवला तर ३० तासांत संपतो आणि लॅबमध्ये शिकवला तर ६० तास द्यावे लागतात. मार्कशीटवर दोन्ही सारखेच दिसतात.

लॅबचे ६० तास द्यायचे तर मशीन लागतात, बॅचेस पाडाव्या लागतात, शिकवणारा माणूस दुप्पट वेळ लागतो. एका तुकडीत शंभराच्या वर मुलं आणि लॅबमध्ये तीस-चाळीस कॉम्प्युटर, असं गणित असेल तर एकाच कोर्ससाठी तीन-चार बॅचेस. विनाअनुदानित तुकड्यांना हा खर्च फीमधून काढायचा असतो. त्यामुळे फळ्याकडे ओढा राहणार हे उघड आहे.

याच काळात आणखी एक उलथापालथ झाली. बीएमएस, बीबीए, बीसीए हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात पहिल्यांदाच या कोर्सेससाठी सीईटी झाली. जागा एक लाखाहून जास्त आणि परीक्षा दिली सुमारे ४८ हजार जणांनी. मग दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. अनेक कॉलेजांनी यातून वाट काढली ती नाव बदलून : बीएमएसचं 'बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज' झालं की सीईटीही नको आणि एआयसीटीईही नको. प्रवेश वाचले, पण कोर्समध्ये काय शिकवायचं हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

ठाण्याचं जोशी-बेडेकर, कल्याणचं बिर्ला अशी स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवू शकतात. कोलशेतला लागून असलेल्या बाळकुममध्ये विद्यापीठाचं ठाणे उपपरिसर आहे, तिथे बीएमएस-एमबीए हा पाच वर्षांचा एकत्रित कोर्स चालतो. म्हणजे बदल करायची मोकळीक या पट्ट्यात आहे. ती कशासाठी वापरायची?

कामावर नेमकं काय लागतं?

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. तुम्ही ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी आपापल्या रिटर्नमध्ये जी बिलं दाखवली त्यांची ही यादी. तुमच्या खरेदीच्या नोंदी तुमच्याकडे असतात. दोन्ही याद्या जुळवायच्या, कारण १ जानेवारी २०२२ पासून जे बिल पुरवठादारानं दाखवलंच नाही त्यावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. लाखाच्या मालावर १८ टक्के जीएसटी असेल तर एका बिलामागे १८ हजार रुपये अडकतात. आणि दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला ३बी साधारणपणे २० तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे हातात सहा दिवस. या सहा दिवसांत सीएच्या फर्ममध्ये नवीन लागलेल्या मुलाला हेच काम मिळतं.

काम ऐकायला सोपं आहे. दोन याद्या, जुळवून टाका. आता बघा काय काय होतं.

पुरवठादारानं बिल नंबर लिहिला '००१२', तुमच्या टायपिस्टनं लिहिला '१२'. माणसाला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला वेगळे. कुणीतरी नावानंतर एक स्पेस जास्त दिली आहे, ती डोळ्यांना दिसत नाही, पण जुळणी तुटते. बिल नंबर '३/२४' असा होता, एक्सेलनं तो मार्च महिन्याची तारीख समजून बदलून टाकला. (हा त्रास एकट्या अकाउंटंटचा नाही. एक्सेल जनुकांच्या नावांची तारीख करतं म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावंच बदलली. एक्सेल बदललं नाही, जनुकं बदलली!) गोदामातून आलेल्या फाइलमध्ये ई-वे बिलाचे १२ अंकी नंबर 'ई+११' अशा शेपटीसह दिसतात. ते निदान दिसण्यापुरतंच असतं, रकाना रुंद करून फॉरमॅट बदलला की नंबर परत येतो. पण काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात आणि एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच नीट सांभाळतं. सोळावा अंक शून्य होतो. तो परत येत नाही आणि त्या शीटवरून पगार पाठवायचे असतील तर काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यात फसवा प्रकार व्हीलुकअपचा. एका यादीतला नंबर दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यासमोरची रक्कम आणणारं हे सूत्र. मुलाखतीत 'एक्सेल येतं का?' म्हणजे बऱ्याचदा 'व्हीलुकअप येतं का?' असंच असतं. त्यात चौथी एक गोष्ट सांगायची असते : तंतोतंत जुळणी हवी की जवळपासची. ती सांगायची राहिली तर एक्सेल 'जवळपासची' धरून चालतं आणि यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे असंही गृहीत धरतं. यादी तशी नसेल तर दुसऱ्याच पार्टीची रक्कम उचलून आणतं. एरर येत नाही. लाल रंग होत नाही. आकडा अगदी खरा वाटतो.

इथे लागतं ते बटणांचं ज्ञान नाही. माहिती आकडा म्हणून साठवली आहे की मजकूर म्हणून, एखाद्या नोंदीची ओळख पटवणारा रकाना कोणता, दोन याद्यांची बेरीज मूळ बेरजेशी जुळते का, एवढे प्रश्न वेळेवर सुचावे लागतात. कॉम्प्युटर सायन्सवाले यालाच डेटा टाइप, की आणि व्हॅलिडेशन म्हणतात. म्हणजे कॉमर्सच्या मुलाला गरज आहे ती खऱ्या अर्थानं कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या धड्यांचीच. फक्त ती त्याच्या उदाहरणांतून शिकवावी लागते.

उदाहरणं शोधायला लांब जायलाही नको. प्रत्येक बिलावर छापलेला जीएसटी नंबर घ्या. १५ अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं सहसा झेड आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं काढलेलं. नंबर टाइप करताना एक अक्षर चुकलं की शेवटचं अक्षर जुळत नाही आणि चूक पकडली जाते. किंवा बँकेचा आयएफएससी : ११ अक्षरं आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य, 'ओ' नव्हे. हा नियम एका सूत्रात बसवून दोनशे नोंदी तपासायच्या, हा एक अख्खा लॅबचा तास होऊ शकतो. मजकूर तोडणं, अट लिहिणं, तपासणी करणं असं सगळं त्यात आलं. त्यासाठी व्हिज्युअल बेसिक नको आणि महागडं सॉफ्टवेअरही नको. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसवरही हे होतं.

कायदाही आता याच दिशेनं गेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. कोणती नोंद कधी बदलली हे सॉफ्टवेअरनं लिहून ठेवायचं आणि ते बंद करता येता कामा नये. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतं आणि त्या प्रत्येक बिलाला ६४ अक्षरांचा एक नंबर मिळतो. हा नंबर कुठून येतो, तो का बदलता येत नाही, हे बिलं बनवणाऱ्याला कळू नये?

चूक झाली तर किती मोठी?

ब्रिटनमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोव्हिडचे जवळपास १६ हजार रुग्ण सरकारी आकडेवारीत आलेच नाहीत. कारण, माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या आणि कुणाला कळलं नाही. नव्या फाइलमध्ये दहा लाखांहून जास्त ओळी बसतात. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एक्सएलएस' आहे की 'एक्सएलएसएक्स', इतकाच फरक होता.

त्याहून भयंकर प्रकरण ब्रिटिश पोस्टाचं आहे. तिथे 'होरायझन' नावाची संगणकीय हिशोबप्रणाली गल्लोगल्लीच्या पोस्ट ऑफिसांत बसवली गेली. ती गल्ल्यात तूट दाखवायची, जी मुळात नव्हतीच. पोस्ट चालवणाऱ्या सामान्य माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. शेवटी २०२४ मध्ये संसदेनं कायदा करून या शिक्षा रद्द केल्या. त्यातल्या बहुतेकांचा सांगण्याचा सूर एकच होता, की पैसे आम्ही घेतले नाहीत, मशीनचा हिशोब चुकतोय. पण मशीन चुकत नाही असं वरचे सगळे धरून चालले होते. त्यांत अकाउंटंट होते, मॅनेजर होते, वकील होते.

मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना कॉम्प्युटर का शिकवायचा, याचं याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

आता तर एआय आहे, मग?

सूत्र आठवत नसेल तर चॅटजीपीटीला मराठीत विचारलं तरी ते लिहून देतं. हे खरंच आहे आणि मुलं ते करतातच. त्यामुळे सूत्रं पाठ असण्याची किंमत घसरली, हेही मान्य करायला हवं. पण सूत्र जवळपासची जुळणी करतंय की तंतोतंत, हे बघायला ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी एआयनं लिहिलेलं चुकीचं सूत्र आणि बरोबर सूत्र दिसायला सारखंच. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलमध्ये कोपायलटचं फंक्शन आणलं तेव्हा स्वतःच सांगितलं, की जिथे आकडेमोडीत अचूकपणा हवा तिथे ते वापरू नका. अकाउंटिंगमध्ये अचूकपणा नको असलेलं काम कोणतं, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.

नोकऱ्यांवरही सावट आहे. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त होते. पण ज्या ठाण्यात या कंपनीचे इतके कर्मचारी राहतात, तिथे ही बातमी घरातली बातमी होती. एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये आकडे उतरवणं एवढंच काम असेल तर ते टिकणं अवघड आहे. उतरलेला आकडा बरोबर आहे का, हे ठरवणाऱ्याची गरज मात्र अजून आहे.

शिकवणार कोण?

इथे गाडी अडते. कॉम्प्युटर येणाऱ्या शिक्षकाला जीएसटी येत नाही आणि अकाउंट्सच्या शिक्षकाला डेटाबेस येत नाही. हा पेपर बहुतेक ठिकाणी आयटी विभागाकडे दिला जातो आणि उदाहरणं मग 'स्टुडंट' आणि 'एम्प्लॉयी' या दोन टेबलांच्या पलीकडे जात नाहीत. दोघांनी मिळून एक कोर्स घेणं विद्यापीठाच्या वर्कलोडच्या हिशोबात बसवणं कठीण. हार्वर्डनं आपल्या गाजलेल्या सीएस५० या कोर्सचं एमबीएवाल्यांसाठी वेगळं रूप काढलं, त्यात कोड लिहिण्यापेक्षा तंत्रज्ञानाबाबतचे निर्णय कसे घ्यायचे यावर भर आहे. ते व्हिडिओ फुकट बघता येतात. पण वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचा स्टॉक जुळवायला ते थेट उपयोगी पडत नाहीत, आणि इंग्रजीची अडचण आहेच.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. आताची मुलं फोनवर वाढली आहेत. फाइल कुठे सेव्ह झाली, फोल्डरमध्ये फोल्डर म्हणजे काय, हे अनेकांना पहिल्यांदा लॅबमध्येच कळतं. घरात लॅपटॉप असलेला मुलगा ते आठवड्यात शिकतो. ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे कॉलेजच्या लॅबशिवाय दुसरी जागा नाही. कोलशेतमध्ये टॉवर आणि जुनं गाव यांच्यात एका रस्त्याचं अंतर आहे. लॅबचे ६० तास ३० होतात तेव्हा नुकसान दोन्हीकडचं सारखं होत नाही.

म्हणून प्रवेश घेताना कॉलेजला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कॉम्प्युटरचा कोर्स थिअरीचा आहे की प्रॅक्टिकलचा? परीक्षा मशीनवर होते की कागदावर? आणि लॅब तासांच्या बाहेर उघडी असते का? प्रॉस्पेक्टसमध्ये ही माहिती सहसा मिळत नाही, ऑफिसात विचारावी लागते. सीनियर मुलांना विचारलं तर आणखी लवकर कळते.

नव्या रचनेत सहाव्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामावर. २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली बॅच २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात असेल. ठाणे-कल्याणच्या सीए फर्म, गोदामं आणि ऑफिसं या मुलांना १४ तारखेच्या आसपास घेतात की २० तारीख उलटल्यावर, यावरही ती मुलं तिथे काय शिकतील हे बरंचसं ठरेल.